नारळ फुटला, नकाशा अडकला

आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू नये अशीच माझी इच्छा आहे. विश्वास ठेवणाऱ्यांना गोष्ट सांगण्यात काय मजा? आणि मी दिगंबर खांबेटे, चंद्रावर स्क्रू ड्रायव्हर घेऊन हिंडलेला माणूस, जे सांगतो ते इतकं अचाट असतं की खरं कुठे संपलं आणि थाप कुठे सुरू झाली, हे आजवर एकालाही पकडता आलेलं नाही.

रविवारची सकाळ होती. आमच्या मिरजेच्या सोसायटीत माझं दुरुस्तीचं टेबल आहे, त्यापाशी दोन मुली आल्या. एक शाल्मली, वय वर्षं अकरा, हिला प्रत्येक वाक्याला “पण का?” असं शेपूट लावायची खोड. दुसरी तिची मैत्रीण नाझनीन. ती माझी लाडकी श्रोती, कारण मी लहानपणी बाथरूममध्ये मगर पाळली होती यावर तिचा अजूनही विश्वास आहे.

शाल्मलीने न विचारता माझा खण उघडला आणि त्यातून धातूची एक चपटी डबी बाहेर काढली. तळहातावर मावेल एवढी. कानाशी नेऊन हलवली. आत काय आहे म्हणून विचारलं.

मी सांगितलं की ही हार्ड डिस्क (माहिती साठवून ठेवणारी फिरती तबकडी). माझ्या तरुणपणी माणसांचे फोटो, पत्रं, हिशोब, सगळं असल्या डबीत राहायचं. आता असल्या डब्या कुणी वापरत नाही, ही तर केव्हाच बंद पडलेली आहे.

मग मी जरा खाकरलो आणि म्हणालो, अशाच एका डबीपायी चंद्रावरचं ओसरी केंद्र बंद पडायची वेळ आली होती. पाण्यावाचून. आणि हे सगळं झालं एका नारळामुळे.

नाझनीन विचारात पडली. नारळात उलट पाणी असतं, मग नारळामुळे पाणी कसं संपेल, असं तिचं म्हणणं. रास्त होतं. शाल्मली मात्र स्टूल ओढून बसली. म्हणजे मासा गळाला लागला.

ओसरी केंद्र तुम्हाला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक आहे. आज तिथे गावच्या गाव राहतं. मी गेलो तेव्हा मात्र आम्ही इनमीन चार टाळकी होतो. केंद्रप्रमुख सबनीससाहेब, मी दुरुस्तीवाला, माझ्या हाताखाली चिमटा नावाचा यंत्रमानव, आणि मुक्ता शेंडगे.

मुक्ता जतची. जिथे टँकरची वाट बघत पिढ्या गेल्या तिथली. त्यामुळे पाणी कुठे असेल हे शोधायचं वेड तिच्या रक्तातच होतं. चंद्राच्या दक्षिण ध्रुवापाशी काही खोल विवरं आहेत, तिथे सूर्याचा किरण कधीच पोचत नाही. तिथल्या मातीत बर्फ मिसळलेला असतो. पण सगळीकडे सारखा नाही. इथे मूठभर, तिथे ढीगभर, आणि मध्येच पाय ठेवला की भुसभुशीत उतार. मुक्ता दिवा घेऊन त्या काळोखात उतरायची, जमिनीत डोकावणारं यंत्र फिरवायची आणि कुठे बर्फ, कुठे खड्डा, कुठून वाट, हे सगळं आपल्या लॅपटॉपमध्ये टिपायची. केंद्राजवळच्या सबंध विवराचा नकाशा तिने एकटीने केला होता.

लॅपटॉप तिच्या आत्याचा. त्या काळीसुद्धा म्हातारा. आत फिरती हार्ड डिस्क. मी तिला कितीदा सांगितलं होतं की बाई, नकाशाची दुसरी प्रत करून ठेव. ती म्हणायची, उद्या करते. चंद्रावरचा एक दिवस आपल्या जवळपास महिन्याएवढा असतो, त्यामुळे तिचा उद्या काही लवकर उगवत नव्हता.

इकडे पृथ्वीवरून निरोप आला होता. पुढचं यान यायच्या आत विवरातून बर्फ निघायला लागला पाहिजे. नाहीतर सगळ्यांनी त्याच यानात बसून परत या, ओसरीला कुलूप लावा. आम्हाला त्याची काळजी नव्हती. नकाशा तयार होता, खोदणारी गाडी तयार होती. मध्ये फक्त एक खंडेनवमी होती.

खंडेनवमी म्हणजे हत्यारं-अवजारं पुजायचा दिवस. मिरजेत आपण पाना-पक्कड पुजतो, तिथे आम्ही ड्रिल पुजलं, अवकाश-पोशाख पुजले, चिमट्याच्या कपाळाला कुंकू लावलं. त्याच्या कपाळातच कॅमेरा होता, त्यामुळे तो बिचारा बराच वेळ सगळं जग लाल झाल्याची सूचना देत हिंडत होता. मुक्ताने आपला लॅपटॉप पोलादी टेबलावर मांडला, सुरू केला, पडद्यावर नकाशा उघडला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. पूजा चालत्या अवजाराची करावी, बंद पडलेल्याची नव्हे, असं तिच्या आईने शिकवलं होतं.

आता नारळ. पृथ्वीवरून एकच आणलेला. सबनीससाहेबांनी तो डोक्याच्या वर धरला आणि घरी आपण पायरीवर आपटतो तसा जमिनीवर सोडला. नारळ निघाला खाली. पण कसा? जावं की न जावं असा विचार करत. सावकाश येऊन टेकला, चेंडूसारखा उसळला आणि कोपऱ्यात जाऊन बसला.

“खोटं,” शाल्मली म्हणाली.

हे खरं आहे, मी म्हटलं. चंद्राचं गुरुत्वाकर्षण (स्वतःकडे ओढून घेण्याची ताकद) पृथ्वीच्या एक षष्ठांश. ओढ कमी, म्हणून वस्तू हळू पडते. हळू पडली की तिचा मारही हलका. इथे ज्या उंचीवरून नारळाची शकलं होतात, तिथे त्या उंचीवरून त्याला साधं टेंगूळ येत नाही.

तिने मनात पडताळून पाहिलं आणि मान हलवली. पुढे जाऊ दिलं.

पण सबनीससाहेब पडले साताऱ्याचे. नारळाने हार मानल्याशिवाय ते मानणार नव्हते. त्यांनी नारळ हातात घट्ट धरला, खांद्यापासून हात फिरवला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर हाणला. चंद्रावर वजन कमी होतं, पण वस्तुमान (वस्तूत भरलेला ऐवज) तेवढंच राहतं. म्हणजे नारळ उचलायला हलका, पण जोरात हाणलात तर बसणारा दणका अगदी मिरजेतल्यासारखा. नारळ फुटला. पाण्याचे थेंब ऐटीत वर गेले आणि रेंगाळत खाली यायला लागले, आणि आम्ही तोंडं उघडून ते झेलत हसत होतो.

लॅपटॉप त्याच टेबलावर होता. चालू.

आधी हसण्यात कुणाला कळलं नाही. मग मुक्ताचं लक्ष गेलं. पडद्यावरचा नकाशा अर्धा उमटून थिजला होता. आणि लॅपटॉपच्या पोटातून आवाज येत होता. कट्. जरा थांबून पुन्हा कट्. घड्याळ बिघडावं तसा.

सबनीससाहेबांकडे यावर उपाय होता. त्यांच्या आजोबांचा टीव्ही थापट मारली की चालायचा. त्यांनी हात उगारला आणि मी त्यांचं मनगट धरलं. चंद्रावर वरिष्ठांचा हात धरणारा मी पहिलाच असेन.

मी लाकडी पळी आणली. पळीचा दांडा लॅपटॉपला टेकवला, दुसरं टोक कानाला. घन पदार्थातून आवाज स्वच्छ येतो, डॉक्टरांच्या नळीची गरज नाही. पंखा व्यवस्थित घूं घूं करत होता, म्हणजे तो निर्दोष. कट् कट् येत होतं डाव्या कोपऱ्यातून, आणि तिथे बसते हार्ड डिस्क. मग चिमट्याने तार जोडली. अशी डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवत असते. ती वाचून चिमट्याने निदान सांगितलं.

“रुग्ण शुद्धीवर आहे,” तो म्हणाला, “पण बोलताना काही शब्द गाळतो आहे. आणि गाळलेले शब्द वाढत आहेत.”

मी तत्क्षणी लॅपटॉप बंद केला. मुक्ता माझ्यावर उसळली, की बंद काय करतोस, आधी नकाशा बाहेर काढ. ती चुकत होती, पण तिला दोष कसा देणार?

इथे शाल्मलीने मला अडवलं. बंद का केला? बंद केला तर नकाशा निघणार कसा?

मी तिच्या हातातली डबी घेतली. ही मेलेलीच असल्यामुळे उघडायला हरकत नव्हती. झाकणाचे स्क्रू काढले. आत आरशासारखी लखलखीत तबकडी, इतकी की दोघी आधी आपापले केस नीट करून घ्यायला लागल्या. तबकडीच्या बाजूला एक निमुळता दांडा, आणि दांड्याच्या टोकाला मोहरीहून बारीक ठिपका.

मी सांगितलं, तबकडीवर चुंबकीय लेप असतो. त्यावर न दिसणारे कोट्यवधी बारीक चौकोन. प्रत्येक चौकोन म्हणजे एक इवलं लोहचुंबक. त्याचं तोंड इकडे असेल तर एक, तिकडे असेल तर शून्य. तुमचं नाव, तुमचा फोटो, मुक्ताचा नकाशा, सगळं या एक-शून्यांत मांडलेलं. तबकडी गरगर फिरते आणि तो बारीक ठिपका, त्याला म्हणतात हेड (वाचणारं आणि लिहिणारं टोक), तिच्यावरून जाता जाता एक-शून्य ओळखतो. गंमत अशी, की हे हेड तबकडीला शिवत नाही. हवेवर तरंगतं. तबकडी इतक्या वेगाने फिरते की जवळची हवा आपल्याबरोबर ओढून नेते, त्या हवेची पातळशी गादी तयार होते, आणि हेड त्या गादीवर स्वार.

किती वर तरंगतं? माझ्या देव्हाऱ्यातली कोयरी आणून मी बोटावर चिमूटभर कुंकू घेतलं. यातला डोळ्याला जेमतेम दिसणारा एक कण घे, म्हटलं. हेड आणि तबकडी यांच्यामधली फट त्या कणापेक्षा हजारो पटींनी लहान.

“आजोबा, आता हे मात्र खोटं,” शाल्मली म्हणाली. “हवेवर कुणी इतकं चिकटून तरंगत नाही.”

मी एक कोरा कागद तिच्या हातात दिला आणि गुळगुळीत फरशीवर आडवा, फरशीला लागून भिरकावायला सांगितला. कागद सुर्रकन निघाला आणि पार भिंतीपर्यंत न अडखळता गेला. फरशी आणि कागद यांच्यामध्ये हवा सापडली होती, तिच्यावरून. नाझनीनने तो खेळ आणखी बऱ्याचदा केला. शाल्मलीने एकदाच केला आणि मग माझ्याकडे जरा आदराने बघितलं. हा आदर मला पुढे महागात पडणार होता.

तर नारळाचा दणका बसला तेव्हा ही तबकडी पूर्ण वेगात होती. हेड हेलपाटलं आणि तबकडीवर आपटलं. ओरखडा पडला. ओरखड्यातून चुरा निघाला. आता डिस्क फिरेल तितका तो चुरा उडणार आणि आणखी ओरखडे पाडणार. आणि ते कट् कट्? हेड आपली जागा शोधायला जातं, सापडत नाही, माघारी येऊन पुन्हा निघतं. त्या येरझाऱ्यांचा तो आवाज. म्हणून आधी बंद. पाय मुरगळलेल्या माणसाला आपण पळवतो का?

सबनीससाहेबांना तोवर पश्चात्ताप झाला होता, आणि पश्चात्ताप झालेला माणूस फार मदत करायला बघतो. ते धोतराचं मऊ फडकं घेऊन आले. झाकण उघडू आणि अलगद पुसून काढू, म्हणाले. मी त्यांना कुंकवाच्या कणाचा हिशोब सांगितला. सुताचा एक धागा आत पडला तर भरधाव गाडीपुढे दरड कोसळल्यासारखं होईल. चालती डिस्क उघडायची ती धूळ गाळून काढलेल्या खास खोलीतच, आणि ओसरीवर तसली खोली नव्हती.

उपाय एकच. डिस्क शेवटची फिरवायची, आणि ती फिरते आहे तोवर आतली सगळीच्या सगळी माहिती नव्या डिस्कवर उतरवून घ्यायची. नवी डिस्क चिमट्याच्या सामानात होती. मी व्यायामाचा पट्टा बंद केला, पाण्याचा पंप थांबवला, लॅपटॉप गाद्यांच्या थप्पीवर ठेवून पुन्हा सुरू केला. कुणी चालायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही. धक्का म्हणून लागता कामा नये.

उतरवून घेण्याची रीतही साधी. परीक्षेत तुम्ही काय करता? पहिलाच प्रश्न अडला तर तिथेच डोकं धरून बसता का? येतात ते आधी सोडवायचे, अडलेले मागे ठेवायचे. चिमटा तसंच करत होता. जिथे वाचता येत नव्हतं ती जागा सोडून पुढे, सगळं सोपं हाती आलं की मग अवघडाकडे परत. कारण अवघड जागी हट्ट धरला आणि त्यातच डिस्क गेली, तर सोपंही गेलं.

पडद्यावर नकाशा हिरव्या चौकोनांनी भरत होता. आम्ही श्वाससुद्धा मापात घेत होतो. नेमकी त्याच वेळी सबनीससाहेबांना उचकी लागली. मी नुसतं दाराकडे बघितलं. ते उठले, चवड्यांवर तरंगत गेले आणि सामानाच्या खोलीत उचक्या देत बसले. केंद्रप्रमुखाला स्वतःच्याच केंद्रात हद्दपार केल्याचं हे एकमेव उदाहरण.

मुक्ता पडद्यासमोरून हलली नाही. बर्फाच्या जागा आल्या. खड्डे आले. विवराचा तळ पूर्ण आला. ती मात्र एकाच कोपऱ्याकडे बघत होती.

“दिगूदादा,” ती हळूच म्हणाली, “उताराची वाट अजून आलेली नाही.”

चिमटा त्या जागी परत गेला. कट्. पुन्हा गेला. कट्. मग आवाज थांबला. पळी कानाला लावली तरी काही नाही. डिस्क शांत झाली होती.

काम अर्धं सोडायचं नाही, म्हणून मी डिस्क बदलायला घेतली. लॅपटॉप बंद. बॅटरीची जोडणी सोडवली. धातूच्या खांबाला हात लावला, कारण अंगावर साठलेली स्थिर वीज (कपडे घासून तयार होते ती) एका ठिणगीत नव्या डिस्कचा जीव घेऊ शकते. चार बारीक स्क्रू काढले आणि चिमट्याच्या मुठीत दिले, कारण चंद्रावर स्क्रू पडला तर तो टेबलाखाली जात नाही, उड्या मारत शेजारच्या खोलीत जातो. जुनी डिस्क सरळ मागे ओढली, वाकडी नाही. तिच्या जागी नवी सरकवली. नवीत तबकडी नाही, दांडा नाही, फिरणारं काहीच नाही. चिपमधल्या असंख्य कप्प्यांत विजेचा भार कोंडून ती माहिती सांभाळते. तिच्याशेजारी खुशाल नारळ फोडा.

लॅपटॉप सुरू झाला. नकाशा क्षणात उघडला, पूर्वी कधी उघडला नव्हता इतका चटकन. सगळं विवर समोर, आणि काठावर एक काळा डाग. दोन खड्ड्यांच्या मधून गाडी खाली नेणारी वाट नेमकी त्या डागात होती.

“घर दिसतंय,” मुक्ता म्हणाली. “दार नाही.”

गाडी अंदाजाने उतरवली असती तर खड्ड्यात. नाही उतरवली तर यान, कुलूप आणि जत.

नाझनीन रडवेली झाली होती. शाल्मली पुढे झुकली होती. मग काय झालं, तिने विचारलं.

असे डोळे समोर असले की मला राहवत नाही. मी सांगायला लागलो. मग काय, मी अवकाश-पोशाख चढवला, मेलेली डिस्क खिशात घातली आणि केंद्राच्या बाहेर पडलो. का? केंद्रात माणसांची हालचाल, यंत्रांची थरथर. बाहेर बघावं तर वारा नाही, धूळ उडत नाही, चिटपाखरू नाही. हवाच नाही, त्यामुळे आवाजसुद्धा नाही. धूळ गाळलेली खास खोली हवी होती ना? अख्खा चंद्रच तशी खोली. एका खडकावर मांडी घातली, डिस्क मांडीवर ठेवली, पोशाखाच्या बॅटरीची तार जोडली आणि झाकण उघडलं. तबकडी फिरायला लागली. तिच्यात काळं आभाळ, आभाळात निळी पृथ्वी. हेड उचललं गेलं, पाण्यावर किडा चालतो तसं अलगद तरंगत ओरखड्यापाशी आलं. मी करंगळीने दांड्याला टिचकी मारली. हेडने ओरखड्यावरून उडी घेतली आणि पलीकडची वाट टिपली. आत पडद्यावर तो काळा डाग हिरवा झाला आणि मुक्ताने टाळी वाजवली.

नाझनीननेही वाजवली. मी मिशीवरून हात फिरवला.

शाल्मली टेबलावरच्या उघड्या डबीकडे बघत होती.

“आजोबा, बाहेर हवा नव्हती ना?”

“अजिबात नव्हती. म्हणून तर आवाज नव्हता, धूळ नव्हती.”

“मग हेड तरंगलं कशावर?”

मी माझा चष्मा शोधायला लागलो. तो डोळ्यांवरच होता.

“गादीच नाही तर ते तबकडीवरच बसलं असतं,” ती म्हणाली. “फिरवल्याबरोबर सगळं खरवडून निघालं असतं. हे खोटं आहे, आजोबा. तो तुकडा डिस्कमधून आलाच नाही. तुमच्या मुक्ताताई दिवा घेऊन परत उतरल्या असणार, आणि वाट पहिल्यापासून पुन्हा मोजली असणार. हो की नाही?”

मी डबीचं झाकण पुन्हा बसवायला घेतलं. नाझनीन माझ्याकडे बघत होती, बहुधा मगरीचा विचार करत.

शाल्मलीने स्टूल आणखी पुढे ओढलं. “त्या कशा उतरल्या ते सांगा,” ती म्हणाली. “आणि आता खरं सांगा. मी मोठी झाले की तिथे जाणार आहे, मला ती वाट लागेल.”